सासूबाई विसरतात? नुसतं वय म्हणू नका!

मुंबईचं टाटा कॅन्सर रुग्णालय १९४१ सालचं. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या सासूबाई आज कितीतरी घरांत आहेत. त्या गोळी घ्यायला विसरल्या, की आमच्या धर्मापुरीत काय अन् शहरात काय, “वयच झालं” म्हणून आपण मोकळ्या!

पण भगिनींनो, केमोथेरपीनंतर काहींची स्मरणशक्ती मंदावते, कधी वर्षानुवर्षे. त्यात अपुरी झोप, उदासपणा, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणं यांची भर पडते. यांवर मात्र उपाय आहेत. म्हणून त्या काय, केव्हापासून विसरतात ते वहीत टिपा आणि डॉक्टरांना दाखवा.

रोज थोडं फिरणं, भाजी निवडताना गप्पा, गोळ्यांना खणांची डबी, एवढं घरीही जमतं. एकाएकी भ्रम झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि चारचौघांत त्यांना ‘विसरभोळ्या’ म्हणू नका. ते मात्र त्या विसरत नाहीत.