बत्तीस अंश कोणाचे?

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला परिसरात मे महिन्यातल्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि थंडीतल्या पहाटे दहाच्याही खाली उतरतो. या दोन टोकांच्या मध्ये, ३२ अंशांच्या आसपास, पीनायपॅम नावाच्या पॉलिमरचे सूक्ष्मजेल पाण्यात रूप पालटते. गार असताना त्याचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात, परीक्षानळीतला द्रव जेमतेम धुरकट दिसतो. तापवला की कण पाणी सोडून आक्रसतात आणि नळी पांढरीफटक होते; गार केली की पूर्ववत. पेल्टन आणि शिबान्त यांनी १९८६ मध्ये हे कण बनवले. तेव्हापासून ३२ हा आकडा या पॉलिमरच्या अंगचाच गुण असल्यासारखा सांगितला जातो. खरे तर तो पॉलिमर आणि पाणी या जोडीचा आहे.

द्रावक बदलला की हे उघडे पडते. शुद्ध मिथेनॉलमध्ये हेच कण नेहमीच्या तापमानाला फुगलेलेच राहतात. गार पाण्यातही फुगतात. मग दोन्ही मिसळल्यावर अधिकच फुगावेत, घडते उलटे. दर तीन रेणूंमागे साधारण एक मिथेनॉलचा झाला की आक्रसण्याचा बिंदू शून्याखाली घसरतो, म्हणजे साध्या खोलीतही कण मिटलेले. मिथेनॉल आणखी वाढवले की पुन्हा उघडतात. पाणी आणि मिथेनॉल आपसात गुंतून साखळीला वाऱ्यावर सोडतात, असे एक मत. मिथेनॉलचे रेणू साखळीचे दोन भाग सांधतात, असे दुसरे. वाद मिटलेला नाही, पण उत्तर एकट्या जेलमध्ये कोणीच शोधत नाही.

बेला परिसरात कापूस पिकवणाऱ्याला मिथेनॉलशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा हायड्रोजेल’ शेतात ओल टिकवण्यासाठीच आहे. ते वेगळे पॉलिमर. ३२ अंशांशी त्याचा संबंध नाही. पण विद्युतभार असलेली अशी जेले शुद्ध पाण्यात जितकी फुगतात तितकी क्षारांच्या पाण्यात फुगत नाहीत. तेव्हा ‘किती पट पाणी धरते’ ऐकल्यावर ‘कोणत्या पाण्यात?’ हे विचारायलाच हवे. (काळी जमीन मुळातच ओल धरते, हा हिशेब वेगळा.)

पीनायपॅमसारखा इतका लहरी पदार्थ कामाचा कसा, हा आक्षेपही टिकत नाही. लहर नियमाने चालते. मिठाने आक्रसण्याचा बिंदू खाली येतो, पाण्याची ओढ असलेला घटक साखळीत गुंफला की वर चढतो. म्हणून औषध वाहून नेणारे कण नुसत्या पाण्यात पारखून भागत नाही. ते ३७ अंशांच्या, रक्ताइतक्या खारट द्रवात पारखावे लागतात.