वाळूतील एका जीवाचे नामकरण

इटलीत एड्रियाटिक समुद्राच्या काठी लिन्यानो नावाचे गाव आहे. तेथील वाळूच्या कणांमधील फटींत राहणाऱ्या एका चपट्या कृमीचे शास्त्रीय वर्णन २००५ साली प्रसिद्ध झाले आणि त्या गावावरून त्याला ‘मॅक्रोस्टोमम लिन्यानो’ हे नाव मिळाले. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर; देह काचेसारखा पारदर्शक. एकाच देहात वृषणेही असतात, अंडाशयेही.

आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत अशा गटाला ‘जाती’ म्हणतात. हा शब्द आपल्या मुलांना खटकतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून येथे फरक नीट पाहिला पाहिजे. नवी जाती जाहीर करणाऱ्यास पुरावा द्यावा लागतो. या कृमीच्या बाबतीत नर-इंद्रियाच्या सूक्ष्म सुईचा आकार, शुक्रपेशींची घडण, यांची मापे व चित्रे घेऊन ती जवळच्या कृमींशी ताडून पाहिली गेली. सूक्ष्मदर्शकातून टिपलेली डिजिटल चलच्चित्रेही वर्णनास जोडली गेली. शिवाय नमुना जपून ठेवावा लागतो. शंका असणाऱ्याने तो तपासावा आणि पटले नाही तर दावा खोडावा. भगवंतांचे ‘एहि पस्सिको’ याहून वेगळे काय सांगते? माणसामाणसांतील जातीला मात्र देहात असा कोणताही पुरावा नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिभेदाला दिला जाणारा वंशभेदाचा आधार खोडून काढला होता.

हा कृमी एकपेशीय शैवाल खातो. मेंदू व घसा शाबूत असतील तर तुटलेला मागचा भाग तो पुन्हा घडवतो; म्हणूनच मूलपेशींच्या अभ्यासकांनी त्याला प्रयोगशाळेत पाळले आहे.