शाळा कुणाची?

शाळेचे छप्पर गळू लागले, शिक्षक कमी पडू लागले, की पालक एकमेकांना विचारतात, 'आता जायचे कुणाकडे?' लोकशाहीत या साध्या प्रश्नाला साधे उत्तर असायला हवे. परंतु आपल्याकडे शाळेचा कारभार इतक्या हातांत वाटलेला आहे, की तो समजून घेतल्यावाचून उत्तर सापडत नाही.

ही विभागणी आजची नाही. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात जो कायदा झाला, त्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. त्याआधीच, १९१७ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला होता. पुढे १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने जिल्ह्यासाठी आणि मोठ्या, म्हणजे 'प्राधिकृत' नगरपालिकांसाठी शिक्षण मंडळे नेमली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यापाड्यांतील शाळा त्यांच्याकडे गेल्या. महापालिकांची शिक्षण मंडळे २०१३ साली शासनाने रद्द केली.

मीरा-भाईंदरचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. मिठागरांची, शेतीची आणि मासेमारीची ही गावे. ग्रामपंचायतींच्या काळात इथल्या शाळा ठाणे जिल्हा परिषदेच्या. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. वस्ती भराभर वाढली, देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली; शाळा मात्र जिल्हा परिषदेकडून शहराकडे यायला वेळ लागला. आज महापालिकेच्या शाळा मराठीखेरीज हिंदी, गुजराती व उर्दू माध्यमांतूनही चालतात.

कारभाराची उतरंड अशी. ग्रामीण भागात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख. शहरात आयुक्त आणि त्यांचा शिक्षण विभाग. इमारत, पाणी, स्वच्छता ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. अभ्यासक्रम आणि शिक्षकभरतीचे नियम राज्याचे. पाठ्यपुस्तके १९६७ साली स्थापन झालेल्या 'बालभारती'ची. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांसाठी स्वतंत्र 'जिल्हा' असतो. त्याचे मंडळ लोक वेगळे निवडून देतात, हे मंडळ अधीक्षक नेमते आणि खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. तिथे दोष कुणाचा हे चटकन कळते. पण श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हा तोटाही त्यातूनच येतो. आपल्याकडे वेतनाचा मोठा भार राज्य उचलते, म्हणून ही दरी काहीशी आटोक्यात राहते. मात्र उत्तरदायित्व विखुरते.

लोकप्रतिनिधी हा या कारभाराचा एक आधार. परंतु २०२२ साली मीरा-भाईंदर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि राज्यातील अनेक शहरांप्रमाणे इथेही कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे राहिला. अशा वेळी प्रश्न विचारायला वॉर्डातला नगरसेवकही नसतो.

तेव्हा उरते ती शाळा व्यवस्थापन समिती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ती सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना दिली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, मिळालेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे ही तिची कामे. सभागृह असो वा नसो, ही समिती असतेच.

अडचण अशी, की मोलमजुरी करणाऱ्या आईला सभेसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि मग समिती सह्यांपुरती उरते. इथे आपल्यासारख्या महाविद्यालयीन तरुणांना काम आहे. सभा सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवण्याचा आग्रह धरावा, आराखडा पालकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावा. महापालिका मालमत्ता कराबरोबर राज्यासाठी शिक्षण करही गोळा करते. तो भरणारा प्रत्येक नागरिक या शाळांचा भागीदारच आहे. त्याची मुले तिथे शिकत असोत वा नसोत.

शाळा कुणाची, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. ते अमलात आणणे मात्र आपल्यावर सोपवलेले आहे.