शर्यतीच्या खेळांतील वाहनहानी

मोटारशर्यतीच्या सिम्युलेशन व्हिडिओ गेममध्ये टक्करीनंतर गाडीची जी मोडतोड होते तिला वाहनहानी म्हणतात. चेपलेला पत्रा व फुटलेली काच ही दृश्य हानी, तर वाकलेले सस्पेन्शन किंवा गळणारा रेडिएटर ही यांत्रिक हानी होय. खेळाच्या दृष्टीने दुसरीच महत्त्वाची आहे. ती नसल्यास वळणावर ब्रेक लावण्याऐवजी कठड्याला किंवा प्रतिस्पर्ध्याच्या गाडीला घासून वेग कमी करणे फायद्याचे ठरते, आणि मग शर्यतीचे सिम्युलेशन नावापुरतेच उरते.

'ग्रान टुरिस्मो' (१९९७) या प्लेस्टेशनवरील खेळात गाडीला पोचाही पडत नसे. त्या मालिकेत दृश्य हानी २०१० मधील पाचव्या भागात आली. आपली गाडी मोडलेली दिसणे परवाना देणाऱ्या मोटार कंपन्यांना सहसा रुचत नाही, हे अशा खेळांतील सौम्य हानीचे एक कारण सांगितले जाते. याउलट 'ग्रँड प्री लेजेंड्स' (१९९८) या संगणकावरील खेळात १९६७ च्या हंगामातील गाड्यांची चाकेही निखळत.

२००८ मध्ये सुरू झालेल्या 'आयरेसिंग' या ऑनलाइन खेळात हानीच्या जोडीला दोषांकही आहेत. जोराच्या टक्करीमुळे खेळाडूचे सुरक्षा-मानांकन घसरते. ते फार घसरल्यास त्याच्या परवान्याची श्रेणी उतरते. चूक कोणाची, हे मात्र मोडलेली गाडी सांगत नाही आणि दोषांकही पाहत नाहीत. मागून धडक बसलेल्यालाही दोन्हींचा भुर्दंड पडतो.