कहाणी सांगावी, ओळख राखावी

२६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोघा आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्त केले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली.

या प्रकरणातील एक विसंगती सहसा ध्यानात येत नाही. निकालपत्राच्या शीर्षावर आरोपी पोलिसाचे नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र खटला त्या मुलीच्या नावाने राहिला. घोषणा देणाऱ्यांचा हेतू निर्मळच होता. परंतु तिच्या कहाणीमुळे झालेल्या दुरुस्तीनेच दंड संहितेत कलम २२८-अ घालून अशा पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा अपराध ठरविला. ते संरक्षण पुढच्या स्त्रियांना लाभले. तिचे नाव तोवर सर्वतोमुखी झाले होते.

१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये असून शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी आहे. केवळ नाव गाळणे पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. समजा, सुरतेच्या पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या एखाद्या मराठी स्त्रीची हकिकत पत्रकात आली. ‘अमुक तालुक्यातून आलेली, घरी साड्यांवर टिकल्या चिकटविणारी’ एवढे छापले, की गल्लीला नाव सांगावे लागत नाही. मागे राहिलेल्या गावालाही नाही.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. कहाणी मागणारा बहुधा मदत देणाराच असतो. ज्याच्या सहीवर साहाय्याचा अर्ज अडलेला आहे, त्याला ‘नाही’ कोण म्हणेल? म्हणून मदतीचे काम आधी पुरे करावे, विचारणा दुसऱ्या व्यक्तीने करावी आणि उत्तरासाठी काही दिवस द्यावेत. मजकूर फलकावर लागणार, कलापथक रंगवणार की मोबाइलवर फिरणार, हेही सांगावे. फलक उतरविता येतो; वाटलेली पत्रके परत गोळा होत नाहीत. तेव्हा छपाईपूर्वी सारा मजकूर तिला वाचून दाखवावा आणि तिने खोडावयास सांगितलेली ओळ, ती कितीही परिणामकारक वाटली तरी, खोडावी.