पंचांचे शास्त्र – लेखांक सातवा : अखेरच्या सेकंदांचा अंमल

मागील लेखांकात फाउलची शिट्टी केव्हा व का वाजते याचे विवेचन केले. आता त्याच शिट्टीचा घड्याळाशी असलेला संबंध पाहावयाचा आहे. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल निर्माण केला, तेव्हाच्या तेरा नियमांत चेंडू कोणाचा हे ठरविणे आणि वेळ राखणे ही दोन्ही कामे एकाच पंचाकडे होती. पुढे घड्याळ चालविण्याचे काम मैदानालगतच्या टेबलाशी बसणाऱ्या वेळाधिकाऱ्याकडे गेले. परंतु काम गेले तरी जबाबदारी गेली नाही, आणि अखेरच्या सेकंदांत पंचाची जी कसोटी लागते तिचे मूळ या व्यवस्थेत आहे.

थांबलेले घड्याळ बाहेरून फेकलेल्या चेंडूला आतल्या खेळाडूचा स्पर्श होताक्षणी सुरू व्हावे असा दंडक आहे. त्यासाठी पंच एक हात उंच धरून उभा राहतो आणि स्पर्श होताच तो झटक्याने खाली आणतो. ही वेळाधिकाऱ्यास दिलेली आज्ञाच होय. मात्र खरी तजवीज याच्या आधीची असते. किती वेळ शिल्लक आहे हे पंच स्वतः पाहतात, टेबलाकडून त्याची खातरजमा करून घेतात, आणि शेवटच्या फेकीचा निवाडा कोणी द्यावयाचा हे आपसांत ठरवून ठेवतात. ज्याच्याकडे ते काम येते त्याने चेंडूच्या मागे दृष्टी धावू द्यावयाची नसते. सारे प्रेक्षागृह चेंडूकडे पाहत असताना त्याने पाहावयाचा तो फेकणाऱ्याचा हात आणि फळीच्या कडेने उजळणारा लाल दिवा. चेंडू हातातून सुटल्यावर दिवा लागला तर बास्केट ग्राह्य, हातात असताना लागला तर अग्राह्य. गर्जनेत भोंगा ऐकू येईलच असे नाही, म्हणून ही दिव्याची योजना.

तरीही बटणावरचे बोट मनुष्याचेच. १५ जानेवारी १९९० रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शिकागोविरुद्ध अवघा ०.१ सेकंद उरलेला असताना ट्रेंट टकरने चेंडू झेलला, वळून फेकला, आणि तीन गुणांची ती बास्केट मान्य होऊन न्यू यॉर्कने १०९–१०६ असा विजय मिळविला. इतक्या अवधीत झेल आणि फेक या दोन क्रिया देहाला शक्य नाहीत. घड्याळ उशिरा सुरू झाले होते, हे उघड आहे. त्यातून निघालेला नियम असा की, ०.३ सेकंदांहून कमी वेळ असता चेंडू झेलून फेकण्याची मुभा नाही, केवळ हाताने ढकलून वा थेट बास्केटमध्ये घालून गुण करता येतात. पुढे माइक कॉस्टाबिल या पंचानेच शिट्टीजवळच्या ध्वनिग्राहकाने घड्याळ परस्पर थांबविणारे यंत्र सिद्ध केले, आणि बोटाचा विलंब बराचसा टळला.

यंत्राने न सुटणारा प्रश्न अधिकाराचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील अंतिम सामन्यात तीन सेकंद उरले असता अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो साधून संघाला ५०–४९ अशी आघाडी दिली. दुसऱ्या फेकीच्या ऐन वेळी टेबलाचा भोंगा वाजला, खेळ पुढे चालला, आणि एक सेकंद शिल्लक असताना सोव्हिएत प्रशिक्षकांच्या टाइम-आउटच्या तक्रारीवरून पंचांनी तो थांबविला. तेव्हा आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे सचिव विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली उतरले व त्यांनी तीन सेकंद परत देण्याचा हुकूम सोडला, ज्याचा सामन्याच्या चालू कारभारात त्यांना काहीएक अधिकार नव्हता. घड्याळ नीट लावून होण्यापूर्वीच पंचांनी चेंडू दिला, पुन्हा भोंगा वाजला, अमेरिकनांनी जल्लोष केला. आणि तिसऱ्या खेपेस इव्हान येदेश्कोच्या लांब फेकीवर अलेक्सांद्र बेलोव्हने ५१–५० असा निकाल लावला.

माझे मत स्पष्ट आहे. दुसऱ्या प्रारंभाच्या वेळी घड्याळाकडे न पाहता चेंडू देणे ही पंचांची चूकच होती. पण बाहेरच्या हुकुमापुढे मान तुकविणे हा त्याहून मोठा दोष होय, कारण त्यानंतर मैदानावर वेळेचा धनी कोण हे कोणालाच कळेनासे झाले. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रिकेवर सही करण्यास नकार दिला, हे त्यांना भूषणास्पदच आहे. अमेरिकेने दाद मागितली, ती अपील मंडळाने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. आणि अमेरिकन खेळाडूंनी नाकारलेली रौप्यपदके त्यांनी अद्यापि स्वीकारलेली नाहीत.