कंपायलर कोठे शोधतो?

द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या अंकात हा विषय पाहून काही प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील. परंतु गेल्या वर्षी आपल्याच संगणक कक्षात मी सी भाषा शिकलो, आणि लिनक्सवर पहिला प्रोग्रॅम लिहिला तो वडिलांच्या दुधाच्या पगाराचा. दुधाचा दर ‘दर.एच’ या वेगळ्या हेडर फाइलमध्ये ठेवला होता आणि ती ‘हेडर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये. जीसीसी या कंपायलरने फाइल सापडत नसल्याचे सांगितले. मी कंटाळून तिची एक प्रत प्रोग्रॅमशेजारीच ठेवली. काम झाले!

पुढे दर ३४ चा ३६ रुपये झाला. मी ‘हेडर्स’मधील फाइल सुधारली. एव्हाना थोडे शिकलो होतो, म्हणून आज्ञेत वजाचे चिन्ह व मोठा ‘आय’ लिहून त्या फोल्डरचा पत्ताही दिला. कसलीही तक्रार न होता प्रोग्रॅम चालला. वडील चौथी शिकलेले. दहा दिवसांच्या १२० लिटरचा हिशेब बोटांवर करून म्हणाले, ‘‘पोरा, दोनशे चाळीस कमी येत्यात.’’

चूक शोधण्याच्या क्रमात होती. हेडरचे नाव दुहेरी अवतरणात असेल, तर जीसीसी आधी ते जिने मागितले त्या फाइलच्याच फोल्डरमध्ये पाहतो. मग ‘आय’ने दिलेली फोल्डरे, डावीकडून उजवीकडे, मग ‘सीपाथ’ या चलात लिहिलेली, अखेरीस ‘यूएसआर’मधील ‘इन्क्लूड’सारख्या यंत्रणेच्या ठरलेल्या जागा. नाव कोनी कंसात असेल तर पहिली पायरी गळते. आणि फाइल सापडली की शोध संपला! पुढे त्याच नावाची ताजी फाइल असली तरी तो तिकडे ढुंकूनही पाहत नाही. माझे काही मित्र सगळे पत्ते ‘सीपाथ’मध्ये कायमचे लिहून ठेवतात. ते सोयीचे खरे, पण मग एका प्रोग्रॅमसाठी दिलेला पत्ता सगळ्यांनाच लागू होतो. मला ते पटत नाही.

आज्ञेत वजा ‘व्ही’ लिहिले, तर शोधाच्या फोल्डरांची यादी छापली जाते. मात्र तीत प्रोग्रॅमचे स्वतःचे फोल्डर नसते, आणि माझी चूक तर तेथेच दडलेली! म्हणून वजा व मोठा ‘एच’ वापरला. त्याने प्रत्यक्ष उघडलेली प्रत्येक हेडर फाइल दिसते. त्या यादीत ‘हेडर्स’चे नावच नव्हते.

शेजारची जुनी प्रत पुसली, प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला. वडिलांनी नवा आकडा पाहिला, आणि तरीही एकदा बोटांवर मोजलेच.